ओल, बुरशी आणि घराची तपासणी : मावळ-लोणावळा परिसराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पुणे शहरापासून लोणावळ्याचे अंतर लोहमार्गाने सुमारे ६४ किलोमीटर आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यात हे प्रमाण साडेचार हजार मिलिमीटरच्या घरात जाते. एकाच जिल्ह्यातील, रेल्वेने दीड-दोन तासांच्या अंतरावरील दोन ठिकाणांमध्ये पावसाचा सहापटींहून अधिक फरक असावा, ही बाब भूगोलाच्या अभ्यासकांना परिचित आहे. इतिहासलेखनात मात्र तिला फारसे स्थान मिळालेले नाही. मावळचा इतिहास हा प्रामुख्याने गडकोटांचा, देशमुखी वतनांचा आणि मावळ्यांच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला गेला. त्यात पाऊस येतो तो मोहिमा थांबविणारा घटक म्हणून. त्या पावसात चार महिने उभे राहणारे घर आणि त्या घरात राहणारे कुटुंब यांचा विचार क्वचितच झालेला आढळतो.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित विषयाच्या एका मर्यादित अंगाचा विचार केला आहे. वादळाचे अथवा अतिवृष्टीचे पाणी घरात शिरल्यानंतर किंवा छपरातून झिरपल्यानंतर भिंतीत ओल राहते. त्या ओलीवर बुरशी धरते. अशा घराची पाहणी कोणी करावयाची, त्यात काय शोधावयाचे आणि जे आढळेल त्याची नोंद कोठे करावयाची? पाश्चात्त्य देशांत गेल्या तीन-चार दशकांत बुरशीची तपासणी हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. मावळात तसा व्यवसाय परंपरेने नव्हता. परंतु तपासणी नव्हती असे म्हणता येत नाही. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी आणि बहुतेक वेळा निराळ्याच हेतूने होत होती. या तपासण्यांच्या इतिहासात एक गोष्ट सातत्याने दिसते. शासनसंस्थेने, मग ती कोणतीही असो, पडलेली भिंत मोजली. उभी राहिलेली ओली भिंत मोजली नाही.

डोंगर, पाऊस आणि निवारा

या परिसरातील सर्वांत जुनी सुस्थितीतील वास्तू म्हणजे कार्ले आणि भाजे येथील लेणी होत. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते, तर कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून बसविलेल्या लाकडी फासळ्यांपैकी पुष्कळ मूळच्या आहेत, हे सर्वज्ञात आहे. तथापि या वस्तुस्थितीचा घराच्या दृष्टीने विचार केल्यास तिचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या पट्ट्यालगत, जेथे साधी पेटी एका पावसाळ्यात बुरसते, तेथे लाकूड सुमारे दोन हजार वर्षे टिकले आहे. कातळाच्या जाड छतातून येणारे पाणी फासळ्यांपर्यंत न पोचणे आणि दर्शनी भागातील भव्य गवाक्षामुळे हवा खेळती राहणे, ही त्याची संभाव्य कारणे म्हणता येतील. लाकडाला पाण्याइतकीच कोंडलेली हवाही मारक ठरते, ही गोष्ट येथे प्रत्यक्ष दिसते. त्याच डोंगरात पाझर असलेली खोदकामे आजही शेवाळलेली आढळतात.

सामान्य मावळी घर अर्थातच कातळात नव्हते. दगडी जोते, त्यावर लाकडी मेढी, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती व शेणाचे लिंपण आणि वर गवताचे उतरते छप्पर ही त्याची साधारण रचना होती. ऐपतदार घरांवर नळीची कौले असत. देशावरील धाब्याचे घर येथे टिकणे शक्यच नव्हते. त्यामुळे पूर्वेकडे जाताना पाऊस जसा कमी होतो, तसा छपराचा उतारही कमी होत जातो. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे जिल्ह्यावरील खंडात पावसाच्या या पट्ट्यांची नोंद आहे. कारवी ही घाटमाथ्यावर मुबलक वाढणारी, सात वर्षांनी फुलणारी वनस्पती. तिचा कूड भिजला तरी सर्व बाजूंनी वाळू शकत असे. कुडाचा एखादा भाग कुजलाच, तर तेवढ्याच काठ्या काढून नव्या लावल्या जात. घराचा कोणता भाग खराब झाला आहे हे शोधण्यास वेगळ्या साधनाची गरज नव्हती. बोट टोचले की लिंपण सांगत असे.

शाकारणी ते घटस्थापना

मावळातील घराच्या तपासणीचे वेळापत्रक नक्षत्रांनी आणि सणांनी ठरलेले होते. मृगापूर्वी शाकारणी करावयाची, म्हणजे छपरावरील जुने गवत काढून नवे घालावयाचे, कौलारू घर असल्यास कौले चाळून फुटकी बदलावयाची, वासे व रिपा ठोकून पाहावयाच्या आणि वळचणीखालची माती सारखी करून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावयाचे. ही पावसापूर्वीची तपासणी प्रायः पुरुषांच्या हातची होती. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या भिंतीवर गवताची किंवा पानांची झड बांधण्याची पद्धत घाटमाथ्यावर व कोकणात सर्वत्र होती.

पावसानंतरची तपासणी मात्र स्त्रियांची होती आणि तिचा उल्लेख तपासणी म्हणून कोणीच केला नाही. घटस्थापनेपूर्वी ‘घर काढणे’ हा जो प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे, त्याचे धार्मिक अंग सर्वांना ठाऊक आहे. त्याचे व्यावहारिक अंग असे की भाद्रपद सरताना पाऊस ओसरू लागतो, ऊन पडते आणि चार महिने अंधारात व दमटपणात राहिलेली प्रत्येक वस्तू अंगणात येते. गोधड्या धुतल्या जातात, सादळलेले धान्य पसरले जाते, उतरंडीची मडकी उतरविली जातात, माळा रिकामा होतो. सामान हलले की त्यामागची भिंत दिसते. कोठे पोपडे आले आहेत, कोठे लोणा लागला आहे, कोठे काळी वा हिरवट बुरशी धरली आहे, हे त्या दिवशी घरातील स्त्रीला कळते. मग तेवढा भाग खरवडून नवे लिंपण केले जाते, चुन्याचा हात दिला जातो आणि जमीन सारवली जाते.

येथे एका प्राचीन ग्रंथाशी तुलना करण्याचा मोह होतो. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या ‘चट्ट्या’संबंधी सविस्तर विधी आहे. याजकाने येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे. भिंतीत हिरवट वा तांबूस खोलगट डाग असल्यास घर सात दिवस बंद ठेवावयाचे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावयाचे, भिंत खरवडून नवा गिलावा करावयाचा. आणि त्यानंतरही डाग उमटल्यास घर पाडावयाचे. हा डाग म्हणजे बुरशीच होय असे अनेक अभ्यासक मानतात. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाचा हाच धर्मग्रंथ. दोन्ही पद्धतींतील साम्य डोळ्यांत भरते : प्रथम घर रिकामे करणे, मग पाहणे, मग खरवडणे, मग पुन्हा पाहणे. फरक असा की तेथे निर्णय याजकाचा होता व तो ग्रंथबद्ध झाला; येथे निर्णय गृहिणीचा होता आणि त्याची नोंद कोठेच उरली नाही.

या व्यवस्थेचे तिसरे अंग म्हणजे चूल. पावसाळ्यात मावळातील घरात चूल दिवसाचा बराच वेळ पेटलेली असे. तिची ऊब आणि धूर वर चढून वासे, गवत व माळ्यावरचे धान्य कोरडे ठेवीत. जुनी घरे मोडताना निघणारे काजळीने काळे झालेले वासे पुष्कळदा शाबूत निघतात, ते यामुळेच. अर्थात या कोरडेपणाची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली, हेही विसरता येत नाही. जुन्या घराचे गुणगान करताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

आज्ञापत्रातील सर्दीचा विचार

राज्यसंस्थेच्या पातळीवर ओलीची नियमित तपासणी करण्याचा स्पष्ट आदेश मराठी साधनांत आढळतो तो रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात. दुर्गप्रकरणात दारूखाना कसा असावा याचे विवेचन आहे. तो वस्तीच्या घरांजवळ नसावा, त्याचे तळघर गच्चीचे असावे, दारू जमिनीला न टेकता माचावर ठेवावी आणि तिला सर्दी लागू देऊ नये. इतकेच सांगून आज्ञापत्र थांबत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी जिन्नस बाहेर काढून त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी कालबद्ध पद्धत त्यात घालून दिली आहे. तटाच्या सांध्यांत वाढणारी झाडे वरचेवर कापून काढण्याविषयीही ताकीद आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे मावळातील किल्ले ज्या पावसात उभे आहेत, तो पाऊस लक्षात घेतला म्हणजे या सूचनांमागील अनुभव ध्यानात येतो.

ठरावीक मुदत, जबाबदार अधिकारी, वस्तू हलवून पाहण्याचा आग्रह आणि तपासणीनंतर मोहोर हे आधुनिक तपासणीचे सर्व घटक येथे उपस्थित आहेत. फक्त तपासणीचा विषय माणसांचे घर नसून तोफेची दारू आहे. राज्याला ज्या वस्तूच्या कोरडेपणात स्वारस्य होते, ती वस्तू त्याने तपासली. किल्ल्यावरील शिबंदीच्या झोपड्यांतील ओलीसाठी अशी मुदत कोणी घालून दिली नाही.

लोहमार्ग, चुना आणि बंगले

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या परिसरात पाण्याशी गाठ पडली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अभियंत्यांची. बोरघाटाच्या चढणीचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि मे १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला. पावसाळ्यात काम थांबे, वसंताच्या अखेरीस मजुरांच्या वस्त्यांत पटकीची साथ येई, आणि दरवर्षी किती माणसे दगावली याची गणती कायमच संदिग्ध राहिली. मार्ग सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातील माऊ-की-मल्ली हा कमानींचा दगडी पूल भर पावसाळ्यात कोसळला. त्यानंतर या रेल्वेच्या दगडी बांधकामांची जी तपासणी झाली, तिच्यात निकृष्ट बांधकामाचा प्रश्न ऐरणीवर आला. बाहेरून तासलेले दगड नीट दिसत होते. दोष आतल्या भरावात आणि त्याच्या चुन्यात होता. पाणी आत शिरून भिंत आतून पोकळ होणे, ही क्रिया पुलात आणि घरात सारखीच घडते. परंतु पूल पडला तर गाडी थांबते, म्हणून पुलाची तपासणी झाली.

लोहमार्गामुळे लोणावळा-खंडाळा हे मुंबईकरांचे हवा पालटण्याचे ठिकाण बनले. (लोणावळ्याचा ‘शोध’ १८७१ मध्ये लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लावला, असे विधान पर्यटनविषयक पुस्तिकांत सर्रास छापले जाते. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले दोन्ही एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये आणि जॉन १८६० मध्ये, निधन पावले होते. शिवाय गाडी १८५८ मध्येच पुण्याहून खंडाळ्यापर्यंत पोचली होती. तेव्हा या विधानाचा पुनर्विचार होणे इष्ट आहे.) या बंगल्यांबरोबर नवी बांधकाम-सामग्री आली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी, खाचेची मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर आणि पुढे घाटमाथ्यावर पसरली. उंच जोते, सभोवार व्हरांडा, चुन्याचा गिलावा अशी ही घरे मूलतः पावसाच्या विरोधात नव्हती. त्यांच्यात बदलले ते वास्तव्याचे वेळापत्रक. मालक उन्हाळ्यात आणि दिवाळीला येई; पावसाळ्यात बंगला कुलूपबंद राही. चूल नाही, वावर नाही, खिडक्या बंद. त्यामुळे ओलीला जे हवे ते सर्व मिळाले. मावळातील घर पावसाळ्यात सर्वाधिक वापरात असे आणि बंगला नेमका तेव्हाच निर्मनुष्य असे. बंगल्याच्या आवारात राहणाऱ्या माळ्याने आठवड्यातून एखादा दिवस दारे उघडावीत, गाद्या उन्हात टाकाव्यात, कपाटांत कडुलिंबाचा पाला ठेवावा, ही त्या काळातील बुरशीची तपासणी होय. माळी ज्या खोपटात राहत असे, त्याच्या भिंतींना कोण ऊन देत असे, हा प्रश्न वेगळा.

तपासणी या शब्दाची धास्ती

पुणे जिल्ह्यात शासनाचे लोक घरात शिरून भिंती, जमीन व कोपरे पाहू लागले, तो प्रसंग १८९७ चा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यात पोचली. १८९७ च्या साथरोग अधिनियमाने शासनाला व्यापक अधिकार दिले. त्या वर्षी मार्च ते मे या काळात रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अधिपत्याखाली सैनिकांच्या तुकड्यांनी पुण्यातील घरे तपासली. रोग हा अंधार, दमटपणा व कुजकी हवा यांतून उद्भवतो, ही समजूत त्या वेळी वैद्यकीय व्यवहारात बरीच रुजलेली होती. त्यामुळे भिंतींना चुना मारणे, जमिनी खणणे, सामान बाहेर काढून जाळणे, मुंबईत तर उजेड येण्यासाठी कौले काढणे, असे उपाय योजले गेले. पिसवांचा आणि उंदरांचा संबंध पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखविला, म्हणजे हे सर्व झाल्यानंतर.

पुढील घटनाक्रम, २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत झालेला रँड यांचा वध आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, येथे सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. घर रिकामे करणे, खरवडणे, चुना लावणे या ज्या क्रिया घटस्थापनेपूर्वी घरातील स्त्री दरवर्षी करीत होती, त्याच क्रिया सैनिकांनी केल्या. परंतु देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट घालून शिरलेल्या परक्या पुरुषांनी त्या केल्यामुळे त्यांचा अर्थ पालटला. घराची तपासणी म्हणजे घराची बेअब्रू, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट झाले. स्वातंत्र्योत्तर काळात सार्वजनिक आरोग्याचे कर्मचारी घरात आले ते डासांच्या अळ्या शोधण्यासाठी, पाण्याची पिंपे पाहण्यासाठी. भिंतीकडे पाहण्याचा अधिकार त्यांनी मागितला नाही आणि कोणी तो दिलाही नाही. त्यामागे प्लेगची ही स्मृती कितपत होती हे ठरविणे अवघड असले, तरी तिचा विचार झाला पाहिजे.

पानशेत आणि पंचनामा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. पुण्याचे वाडे दगडी जोत्याचे, परंतु वर माती-विटांचे होते. पाण्याच्या लोंढ्याने जेवढी घरे पडली, त्यांच्या जोडीला पाणी ओसरल्यानंतर भिजलेल्या भिंती बसल्यामुळेही अनेक पडली. पूरग्रस्तांना तात्पुरत्या अर्धगोल पत्र्यांच्या निवाऱ्यांत हलविण्यात आले आणि पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. धरण का फुटले याची चौकशी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे सोपविण्यात आली. ज्यांचे घर गेले त्यांची गणना झाली. ज्यांचे घर उभे राहिले, त्यांनी गाळ काढला आणि ते त्याच भिंतींत परत राहावयास गेले. त्या भिंती किती महिन्यांनी वाळल्या, त्या हिवाळ्यात त्या घरांतून खोकल्याचे प्रमाण काय होते, यासंबंधी सार्वजनिक चर्चा झाली नाही. धरणफुटीच्या भीषणतेपुढे हा प्रश्न क्षुल्लक वाटणे स्वाभाविक होते.

आपत्तीनंतर महाराष्ट्रातील घराची अधिकृत तपासणी म्हणजे पंचनामा होय. तलाठी, ग्रामसेवक आणि पंच येतात, पडझड पाहतात, लिहून घेतात, सह्या होतात. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागावयाची, असे जुन्या लोकांनी म्हटले होते. पंचनाम्याने या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर दिले, हे मान्य करावे लागेल. पावसाने झोडपले तर राजाकडे दाद मागता येते, हे तत्त्व त्यामुळे रूढ झाले. परंतु दाद कोणत्या नुकसानीची, हे नुकसानीच्या व्याख्येवर ठरते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घरे पूर्णतः पडलेली आणि अंशतः पडलेली, पक्की आणि कच्ची, अशी विभागली जातात. अंशतः नुकसानीसाठी किमान १५ टक्के पडझड आवश्यक मानली जाते. ओलीची टक्केवारी काढता येत नाही. भिंत जागेवर असेल, छप्पर असेल, आणि आतल्या बाजूने खालपासून हातभर काळी बुरशी असेल, तर त्या घराचे नुकसान शून्य टक्के ठरते. नगरपरिषदा पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा देतात, त्यातही कसोटी कोसळण्याची आहे.

मराठी भाषा जुन्यापुराण्या विचारांना ‘बुरसटलेले’ म्हणते. म्हणजे बुरशी ही निरुपयोगीपणाची खूण आहे, हे भाषेला माहीत आहे. प्रशासनाच्या शब्दकोशात मात्र बुरसटलेले घर नाही.

निसर्ग चक्रीवादळ आणि त्यानंतरचे चार महिने

या उणिवेचा अर्थ स्पष्ट करणारी अलीकडील घटना म्हणजे ‘निसर्ग’ चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातून गेले. मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांत झाडे व विजेचे खांब कोसळले, घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, कौले फुटली, फुलशेतीची हरितगृहे जमीनदोस्त झाली. वादळाची तारीख येथे निर्णायक आहे. मृग नक्षत्र लागण्यास तीन-चार दिवस राहिले असताना छप्पर गेले. शाकारणीचा हंगाम संपत आलेला, टाळेबंदीमुळे पत्रे व कौले मिळणे कठीण, गवंडी व सुतार गावी गेलेले. पुष्कळ घरांवर प्लास्टिकचा कागद पसरून पावसाळा काढण्यात आला. पंचनामे जूनमध्ये झाले. भिंतीवरची बुरशी त्यानंतर वर आली.

आर्द्रता आणि बुरशी यांच्या आरोग्यावरील परिणामांविषयी आता पुरेसे ज्ञान उपलब्ध आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दमट घरात राहणे आणि दमा बळावणे, खोकला, श्वासात घरघर होणे यांचा संबंध दोन्हींत मान्य केलेला आहे. विशेष म्हणजे हवेत बुरशीचे किती बीजाणू असल्यास घर असुरक्षित मानावे, याची संख्यात्मक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली नाही. तपासणीचा मुख्य आधार डोळे व नाक हाच राहतो : दिसणारी बुरशी, कुबट वास, पाण्याचा डाग, पोपडे. पाणी कोठून आले हे शोधणे ही पहिली पायरी, भिजलेले सामान काढणे ही दुसरी. ओलावा मोजणारे यंत्र याला मदत करते. हवेचा नमुना प्रयोगशाळेत पाठविल्याने त्यात फारशी भर पडतेच असे नाही. अस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरशी कोठेही असतात. प्रश्न त्यांच्या असण्याचा नसून त्यांना सतत पाणी मिळत राहण्याचा आहे. (२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला. तो म्युकरमायकोसिस हा आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर यांच्याशी निगडित होता. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. या गोंधळामुळे भिंतीच्या बुरशीची भीती वाढली, ज्ञान वाढले नाही.)

या मार्गदर्शनातील एक नियम मात्र मावळात जसाच्या तसा लागू होत नाही. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बुरशी धरत नाही, म्हणून खिडक्या उघडाव्यात, पंखे लावावेत, असे सांगितले जाते. हा सल्ला वादळ येऊन गेल्यावर ऊन पडणाऱ्या प्रदेशासाठी आहे. लोणावळ्यात जुलैमध्ये बाहेरची हवाच बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. खिडकी उघडली की धुके आत येते. तेथे वाळविण्याचे काम वारा करीत नाही, ते उष्णताच करते. जुन्या घरात हे काम चूल करीत होती. आजच्या काँक्रीटच्या घरात, गॅसच्या शेगडीवर तासाभरात स्वयंपाक आटोपणाऱ्या कुटुंबात, ते करणारे काही नाही. सिमेंटचा गिलावा चुन्याइतका बाष्प सोडीत नाही; एकदा तड्यातून शिरलेले पाणी त्यामागे अडकते आणि ऑइलपेंटने त्याचा उरलेला मार्गही बंद होतो. प्लायवूडची कपाटे आणि छताखालची प्लास्टरची सजावट ही बुरशीला आयते खाद्य व आडोसा पुरवितात. कुडात बोट टोचून जे कळत होते, ते आता खोट्या छतामागे आणि भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे दडलेले असते. त्यातच लोणावळ्याचे पर्यटनाचे वेळापत्रकही उलटले आहे. पूर्वी जे बंगले पावसाळ्यात बंद असत, तेच आता भर पावसात भाड्याने दिले जातात, कारण पाऊस पाहण्यासाठीच लोक येतात. शनिवारी-रविवारी आलेला पाहुणा भिंत पुसलेली आहे की वाळलेली, हे पाहत नाही; आठवडाभर तेथे राहणाऱ्या रखवालदाराच्या कुटुंबाला ते पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

२०२० च्या त्या वर्षी आश्विन हा अधिक मास आल्यामुळे घटस्थापना १७ ऑक्टोबरला, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच उशिरा होती. छपरे उडाल्यापासून घरे काढण्याच्या दिवसापर्यंत साडेचार महिने गेले. आणि त्या आठवड्यातही १४ ऑक्टोबरला, बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा जिल्ह्यावरून जाताना जोरदार पाऊस झाला. त्यामुळे वाळत घातलेल्या गोधड्या पुष्कळ घरांना पुन्हा आत घ्याव्या लागल्या.